आत कोणी आहे का

४ मार्च

चि. मास्तर यास ताईचे अनेक आशीर्वाद.

फोनवर आपलं बोलणं तिसऱ्या वाक्याला भांडणावर जातं, म्हणून लिहिते आहे. कागदावर तुला निदान मध्येच तोंड घालता येणार नाही.

रविवारी बाबांना बघून आले. मेंदूत रक्तस्राव होऊन दोन महिने झाले. श्वास यंत्र देतंय, अन्न नळी देतेय आणि उरलेलं सगळं तुझे गुरुजी देताहेत. कानात इअरफोन, त्यात प्रवचन, सकाळपासून संध्याकाळपर्यंत! छातीवर त्यांच्या केंद्राचा तो चेतनामापक. नर्स भक्तिभावाने म्हणाली, हिरवा दिवा लागतोय म्हणजे आजोबांची चेतना उच्च स्तरावर आहे. ती चहाला गेल्यावर मी तो डबा उशीवर ठेवून पाहिला. उशीही बरीच पोचलेली निघाली. भौतिकशास्त्र शिकवणाऱ्या माणसाने हे घरात आणावं आणि वर क्वांटम-क्वांटम करून मला गप्प बसवावं? वर्गातल्या कुणी पेपरात हे लिहिलं असतं तर तू त्याला भोपळा दिला असतास.

माणसाची शुद्ध घालवणं आणि परत आणणं हे माझं, भूलतज्ज्ञाचं, रोजचं काम आहे. बाबांना हाका मारल्या, चिमटा काढला, हात उचला म्हणून सांगितलं. काही नाही. आत कोणी नाही रे. यंत्र काढायला डॉक्टरांना आपल्या दोघांची संमती हवी आहे. माझी आहे. तुझी दे, आणि त्या शरीराला सोडव.

वहिनीचा गुडघा हाडांच्या डॉक्टरला दाखवा, मापकाला नको. राग येईल तेवढा येऊ दे, लोभात मात्र काटछाट नको.

तुझी,
ताई


१० मार्च

ती. ताईस सा. न. वि. वि.

पत्र मिळालं. तुझं अक्षरसुद्धा टोचतं. उशीची तपासणी वाचली. मग मीही तो डबा माझ्या चपलेवर ठेवला. चप्पल सिद्धपुरुष निघाली. डबा परत पाठवला आहे, आता पुरे कर.

पण तू तरी काय मोजलंस? रोज माणसांना झोपवतेस, पण ती जातात कुठे असं विचारलं की तुझी जाडजूड पुस्तकं काखा वर करतात. गुरुजींना सगळं माहीत असतं आणि तुला माहीत नसतं, पण दोघांचा आवाज तेवढाच ठाम. आणि बाबांना कुणी हात उचला म्हटलं आणि त्यांनी उचलला, असं आयुष्यात कधी घडलंय? जन्मभर लोकांना गाडी शिकवली त्यांनी. हुकूम सोडायची सवय, ऐकायची नव्हे.

काल इअरफोन काढून मी घरच्या गप्पा सांगत बसलो होतो. पोरगी गाडी शिकते आहे. सिग्नल पिवळा दिसल्यावर बाईसाहेबांनी वेग वाढवला, असं सांगत होतो, तर चादरीखाली बाबांचा उजवा पाय दाबला गेला. शिकाऊ माणसाच्या शेजारी बसून ते ब्रेक दाबायचे ना, अगदी तसा. मी संमती देणार नाही. येऊन बघ.

शिव्यांसकट तुझा लोभ हवाच आहे.

तुझा,
मास्तर


१२ मार्च

चि. मास्तर यास आशीर्वाद.

पाय हलला म्हणजे माणूस हलला असं नसतं. झटके येतात. तू चपलेत सिद्धपुरुष पाहणारा माणूस, तुला पायात बाबा दिसले तर नवल नाही. तरी शनिवारी येते. नीट चालवलेल्या गाडीच्या गोष्टी आणि बेफाम गाडीच्या गोष्टी, दोन्ही तयार करून आणते. कुठली कधी सांगायची ते नाणं उडवून ठरवीन. तू बाहेर बाकावर बसायचं, तेही तोंड मिटून.

ताई


१६ मार्च

चि. मास्तर यास आशीर्वाद.

काल खोलीतून बाहेर येऊन तू बरोबर होतास एवढंच म्हणाले आणि गाडी पकडायला पळाले. तू लगेच गुरुजींना फोन लावलास, हे वहिनीकडून कळलं. त्यांना हे आधीच दिसलं होतं म्हणे! दिसलं होतं तर दोन महिने गप्प का बसले, हे विचारलंस का?

पुढचं तोंडाने सांगता आलं नाही, म्हणून लिहिते. बेफाम गाडी आली की पाय दाबला जायचा. शहाण्या गाडीला एकदाही नाही. मला आनंद व्हायला हवा होता, पण भयंकर संताप आला. तो माणूस आत जागा आहे. तू त्याच्या कानात एक बडबड्या बसवलास, आणि मी त्याच्या उशाशी उभी राहून डॉक्टरांना सांगितलं की आत कोणी नाही. तुझं अध्यात्म आणि माझं शास्त्र, दोघांनाही बाबांशी दोन शब्द बोलावंसं वाटलं नाही.

मग मी त्यांना सांगितलं की नको असेल तर ब्रेक दाबा, आणि विचारलं की हे यंत्र असंच चालू ठेवू का. पाय दाबला गेला. उलटं विचारलं, की मग काढायचं का. पाय हलला नाही. थांबून पुन्हा विचारलं. तेच.

आता माझ्या संमतीला किंमत नाही आणि तुझ्या नकारालाही. तू स्वतः विचार. गुरुजींना आणू नकोस. मला फार रडू येतंय.

ताई


१९ मार्च

ती. ताईस सा. न.

विचारलं. यंत्र चालू ठेवू ना, असं शब्द फिरवून, पोरीचं लग्न मध्ये घालून, उत्तर माझ्या बाजूने यावं म्हणून जमेल तेवढी लबाडी करून विचारलं. दर वेळी ब्रेक. शेवटी तर इतक्या जोरात की चादर सरकली. ते माझ्यावर चिडले होते, ताई. ते चिडलेले मला ओळखू येतात.

डॉक्टरांना हो सांगितलं आहे. मग बाबांना म्हणालो की ताई येईपर्यंत थांबू या. मी त्या पायाकडे बघत बसलो. त्यांनी ब्रेक दाबला नाही.

लवकर ये.

तुझा,
मास्तर