मी लिहून दिलेली दवंडी

अण्णा, आज साताऱ्यात माझ्या वर्गात एका मुलीनं तुमच्याबद्दल विचारलं आणि मी खोटं बोलले. तुम्हाला जाऊन सोळा वर्षं झाली, तरी हे तुम्हालाच सांगायला हवं.

संज्ञापनाच्या पदवीला मी प्रवेश घेतला, तेव्हा तुम्ही विचारलं होतं, "त्यात शिकवत्यात काय?" मी सांगितलं, भाषा, मानसशास्त्र, समाजशास्त्र, थोडा कायदा, सगळ्या विभागांत जाऊन बसायचं. "म्हंजे मानसानं मानसाशी बोलायचं कसं, त्येच की," म्हणत तुम्ही हसलात. पलूसजवळच्या आपल्या गावात वीस वर्षं सायकलला भोंगा बांधून दवंडी देणारा माझा बाप दुसरं काय म्हणणार?

दुसऱ्या वर्षाच्या सुट्टीत मी घरी होते. सकाळीच कळलं, गटाराचं पाणी नळाच्या पाण्यात मिसळलंय. तुम्ही अर्धा चहा टाकून स्वयंपाकघराच्या दारातच भोंग्याला बॅटरी जोडताय. "नळाचं पानी पिऊ नगा, घाण शिरलीया, एवढंच वरडतो." मी अडवते. असं ओरडलात तर लोक घाबरतील, संदेशानं भीती पसरता कामा नये, असं आम्हाला शिकवलंय. वहीचं पान फाडून मी लिहिते, 'ग्रामस्थांनी पिण्याचे पाणी निर्जंतुक केल्याशिवाय सेवन करू नये.' तुम्ही दोनदा वाचता. "निर्जंतुक म्हंजे शेजारच्या काकीला कळंल का गं?" आणि मी म्हणते, "शिकलंय कोण, तुम्ही का मी?" तुम्ही कागद खिशात घालून निघता.

दुसऱ्या दिवशी त्याच काकींना जुलाब-उलट्या सुरू झाल्या. दुपारपर्यंत त्यांची शुद्ध हरपली. जीपमधून सांगलीला नेताना त्यांचं डोकं माझ्या मांडीवर होतं आणि त्यांचे हात गार पडत चालले होते. दवाखान्याच्या व्हरांड्यात त्यांचा मुलगा तुमच्या अंगावर धावून आला. "आवं अण्णा, पानी पिऊ नगा, येवढं साधं बोलता आलं न्हाई व्हय तुमास्नी?" मी तुमच्या शेजारीच उभी होते. कागद तुमच्या खिशात होता. तुम्ही म्हणालात, "चुकलं माझं." माझ्याकडे पाहिलंही नाहीत.

काकी चौथ्या दिवशी उठून बसल्या. गावानं मात्र दवंडी दुसऱ्याकडे दिली. आणि मी त्याच प्रसंगावर प्रकल्प लिहिला, 'दवंडीवाल्याची अवघड भाषा'. भाषेचे सर शब्दांवर बोलले, मानसशास्त्राच्या बाई भीतीवर, समाजशास्त्राचे सर कुणापर्यंत काय पोहोचतं त्यावर. वर्गात पहिली आले. तुम्हाला सांगितलं, तेव्हा विषय कुठला होता, हेही तुम्ही विचारलं नाहीत. "लय चांगलं झालं," एवढंच म्हणालात.

तेच उदाहरण मी दरवर्षी शिकवते. आज मागच्या बाकावरची ती मुलगी उठली. "मॅडम, गावात दवंडी देणारा माणूस असं बोलेल कशाला? त्याला ते लिहून कुणी दिलं होतं?" "बहुतेक ग्रामपंचायतीच्या कार्यालयातून आलं असेल," मी म्हणाले. तिनं ते वहीत उतरवून घेतलं.

उद्या पुन्हा त्याच वर्गावर तास आहे. तिला खरं सांगायचं, असं घोकत घरी आले आणि आधी हे लिहायला बसले. इथं लिहिणं सोपं गेलं, कारण हे कुठं पाठवायचंच नाही. खरं सांगते अण्णा, तुम्ही असता, तर हेसुद्धा लिहिलं नसतं.