बैठकीत कोळसा जिंकला

मुलुंड पूर्व, रविवार

तीर्थरूप ताईस,

मधुकरचा दोन्ही हात जोडून नमस्कार. तुझा गुडघा कसा आहे? भावजींची साखर आटोक्यात आहे ना? आम्ही सगळे इकडे ठणठणीत, मी तर जरा जास्तच. (फोनवर तू मध्ये मध्ये बोलतेस, म्हणून पत्र.)

तू आणलेल्या स्थळाकडे, म्हणजे दिंडोशीच्या सामंतांकडे, काल आपल्या अबोलीच्या लग्नाची बैठक झाली. तिने आणि त्यांच्या मिहिरने एकमेकांना कधीच पसंत केलंय, तेव्हा तारीख आणि कार्यालय एवढंच ठरवायचं होतं. तुम्ही नुसतं हो ला हो करायचं, असं सुनंदाने मला रिक्षात बजावलं होतं आणि मीही मूग गिळून बसणार होतो. पण पोहे आले आणि दिवे गेले. मुलीच्या बापाने अशा वेळी चालायचंच म्हणावं, तसं मी म्हणालोही. त्यावर सामंत म्हणतात, अणुवीज वाढवली असती तर ही वेळ आली नसती. ताई, गृहस्थ निवृत्त आहेत एवढंच तू सांगितलंस, अणुभट्टीतून निवृत्त आहेत हे कुठे सांगितलंस? आणि मी उभा जन्म कोळशाच्या वीजकेंद्रात काढला, हे तरी त्यांना कुठे सांगितलंस?

मग काय, राज्याचं ऊर्जा धोरण आम्ही तिथेच हाती घेतलं. ते म्हणाले, तुमच्या राखेने लोकांची फुफ्फुसं काळी केली. मी म्हटलं, आणि तुमचा कचरा हजारो वर्षं सांभाळणार कोण, आमच्या सोसायटीत अजून ओला आणि सुका वेगळा होत नाही. (इथे विहीणबाई हसल्या, आपल्याच नवऱ्याला.) मग त्यांनी हवामानाचे नियम काढले, धूर ओकणाऱ्याकडून दंड घ्या म्हणाले. मी म्हटलं, खुशाल घ्या, पण तुमची नवी भट्टी बांधून होईपर्यंत अबोलीची मुलं कॉलेजात जातील, तोवर पंखा कशावर फिरवायचा? ताई, सामंत नुसते पोहे चिवडायला लागले. पार वाट लागली त्यांची. सुनंदा माझा सदरा ओढत होती, पण जिंकत असताना कोण उठतं? निघालो तेव्हा दारापर्यंत सोडायलासुद्धा कोणी आलं नाही, इतके गार पडले होते सगळे.

तुझा (विजयी) भाऊ,
मधुकर

ता. क. : तारीख ठरवायची राहिली. अबोली कालपासून माझ्याशी बोलत नाही. खरं सांगतो, घास उतरत नाहीये गं. पोरीचं लग्न माझ्या जिभेमुळे मोडलं तर मी काय करू? तू बोरिवलीहून तशीच दिंडोशीला जा आणि सांग, मधुकरला अणुवीज मान्य आहे. दोन भट्ट्या म्हणावं, मुलुंडात बांधल्या तरी चालतील.

आणखी एक ता. क. : जाऊ नकोस. आत्ता सामंतांचाच फोन आला. विहीणबाईंनी त्यांचा चहा बंद केलाय. म्हणाले, खूप विचार केला, कोळशाला पर्याय नाही, तुमचंच खरं. मीही माणुसकीला जागून म्हणालो, छे छे, पुढचा काळ अणूचाच. ते ऐकेनात, मी सोडेना. शेवटी तेच दमले. म्हणजे अणूच्या बाजूनेही मीच जिंकलो, हे लक्षात ठेव. तेवढ्यात सुनंदाने फोन हिसकावून घेतला आणि विहीणबाईंशी बोलून माघातली तारीख पक्की करून टाकली.

तेव्हा आता एकच विनंती. लग्नात जेवायला माझ्या आणि सामंतांच्या मध्ये तू बस. आणि भावजी गॅस कंपनीत होते, हे तिथे कोणालाही सांगू नकोस.