गाठीचा पांढरा ब्लाऊज

दक्षता,

मी शीळफाट्याला सगुणाच्या नातवाच्या हळदीला चालले. जेवूनच येईन. सुदेशच्या भाकऱ्या झाकून ठेवल्यात.

माझा पांढरा ब्लाऊज शिवून आला. पुढे गाठ ठेवायला मी सांगितलेलं, माझ्या आयच्या चोळीला असायची तशी. आला तो गळ्यापर्यंत बंद, कोपराखाली बाह्या आणि वर झालर! टेलरीणबाईला फोन केला तर म्हणते, "सूनबाईंनीच बदलायला लावलं. म्हणाल्या, सासूबाईंना या वयात गाठ बरी दिसत नाही."

अगं, तीच गाठ तुझ्या पांढऱ्या कॉटनच्या ब्लाऊजला असली की डिझायनर, आणि मला असली की गावठी? माझ्या आयनं गाठीच्या चोळीत मिठागरात जन्म काढला. तिला कोण बुटीकवाली शिकवायला आलेली?

म्हणून तुझा ब्लाऊज मी घातलाय. माझा तुझ्या हँगरला लावलाय, झालरीसकट. तुला आवडला ना, तूच घाल. तुझ्या ब्लाऊजवर हळद सांडली तर कुरकुर ऐकणार नाही.

आणि गाठ झक्क बसलीय. बसणारच. तुझी गाठ तरी आजवर कोण मारून देतंय, मीच ना?

तुझी सासू