चंपाची झापडं

खोताची वाडी,
बुधवार

प्रिय गंगाधर,

तुझा दीपक सांगत होता, शनिवारी तू चंपा घोडीला कायमचं नाशिकला पाठवतोयस. तू म्हणतोस म्हणे, आता मला काही आठवत नाही, उद्या माझ्यापायी कुणाचा जीव जाईल. काल रे रोडला तुझ्या तबेल्यावर आलो, तर दाराला आतून कडी. चंपा फुरफुरलेली ऐकू आली, तू काही उघडलं नाहीस. म्हणून हे पत्र दाराखालून सरकवतोय. मध्येच फाडू नकोस.

पप्पा बोटीवर होते तेव्हा मेक्सिकोच्या रेकॉर्डी आणायचे, ती रांचेरा गाणी. एक शब्द कळायचा नाही, पण आमच्या ओट्यावर बसून तू चाल ऐकूनच सांगायचास, ही दुडकी, ही चौखूर. पप्पा अर्थ सांगायचे : बायको सोडून गेली तर हा गडी दारू पितो, घोडा मेला तर मात्र ढसाढसा रडतो. तू म्हणायचास, बरोबरच आहे त्याचं! आणि कव्हरवरचा तो घोडा! स्वार एका हातात लगाम सैल धरून गातोय, नि घोडा उघड्या डोळ्यांनी आपल्याकडे बघतोय.

तेच खूळ माझ्या डोक्यात बसलं. माझ्या नेरिसाच्या लग्नात जावई आल्विन घोडीवरून यावा, मी सासऱ्यानं ट्रम्पेटवर रांचेरा वाजवावी. तू दहादा बजावलंस, वरातीची घोडी आहे, फटाके-दिवे दिसू नयेत म्हणून तिच्या डोळ्यांना झापडं लागतातच. मी हो हो केलं. मग फ्लॅश उडाला, चंपा उधळली, आल्विन खाली. सगळी वाडी तुझ्यावर तुटून पडली, म्हातारा झापडं लावायला विसरला म्हणून. नेरिसानं तर तुला नको ते सुनावलं. झापडं कुठेच सापडेनात, तेव्हा तूही म्हणालास, विसरलो असेन. आल्विनचं प्लास्टर सोमवारी निघेल. मी मात्र महिनाभर गप्प.

गंगा, तू विसरला नव्हतास. तू चहाला गेलास तेव्हा झापडं मी काढली. मला तो कव्हरवरचा घोडा हवा होता. तू येईपर्यंत आल्विन वर बसलाही होता, फ्लॅशही उडाला होता, आणि नंतर लेकीसमोर तोंड उघडायची माझी छाती झाली नाही. लाज वाटते रे स्वतःची. तुझं डोकं शाबूत आहे! झापडं माझ्या ट्रम्पेटच्या पेटीत आहेत. आज नेरिसाला सगळं सांगणार, उद्या तिला घेऊन तुझ्या दारात येणार. शिव्या घाल, दोन ठेवून दे, पण कडी काढ. झापडं चंपाला तूच बांधायची आहेस.

तुझाच,
कायतान