रामदासचं इंजिन आणि माझी हिरवी रेघ

१८ नोव्हेंबर, मंगळ. सायं. ७.४०
वरळी कोळीवाड्यात रामदासच्या होडीचं इंजिन काल क्लॅम्प सुटून धक्क्यापाशी बुडालं. शुक्रवारी अमावस्येची मोठी ओहोटी, तेव्हा पायाने चाचपून काढणार होता. मी थांबवलं. गाळ ढवळला की माझं रीडिंग गेलं. हिरव्या लेसरची रेघ तळावरून फिरवायची, ती कुठे वाकते ते कॅमेऱ्याने टिपायचं. इंजिन थ्रीडीत स्क्रीनवर. कॉलेजला गेलो नाही, पण १४३ व्हिडिओ पाहिलेत, नोट्ससकट. त्याचा जीपीएस मीच दुरुस्त केला होता, म्हणून ऐकतो. खाऱ्या पाण्यात इंजिन सडेल ना, विचारत होता. म्हटलं, तीन दिवसांत बाहेर.

२० नोव्हें. स. ६.१५
घरच्या पिंपात चाचणी. वाटी थ्रीडीत आली. खोली चुकली, कारण पाण्यात प्रकाश वाकतो. १.३३ ने गुणलं. हे आमच्या डिलाईल रोडवर दुसऱ्या कुणाला सुचलं नसतं. बायको सीमा म्हणाली, हे पाणी आता प्यायचं की बघायचं?

२१ नोव्हें. स. ६.३०
ओहोटी. पाणी कमरेएवढं. रामदास लुंगी खोचून तयार. परत थांबवलं. कॅमेऱ्याच्या डब्यात पाणी शिरलं होतं, सिलिकॉन वाळायला २४ तास. (पाकिटावर तसं छापलंय.)

२४ नोव्हें.
पहिलं स्कॅन. सगळं हिरवं धुकं. पाण्यातला कण न् कण थ्रीडीत येतो. इंजिन तेवढं येत नाही. दोष पाण्याचा.

२७ नोव्हें.
चार किलो तुरटी कापडात बांधून धक्क्यावरून पाण्यात फिरवली. रामदासची बायको बकुळा म्हणाली, समुदर काय तुमच्या चाळीतला पिंप हाय, भावजी? बायका हसल्या. पाणी पंधरा सेकंद निवळल्यासारखं वाटलं. नोंद केली.

१ डिसेंबर
आकार मिळाला. लांबी ६१ सेंमी. रामदासने बुडी मारली. सिमेंटची गोण निघाली. पण लांबी ६१च भरली. सांगितलं, तो हं म्हणाला.

५ डिसें. स. ६.१०
पौर्णिमेची ओहोटी. मी पोचेपर्यंत बकुळा पाण्यात उतरली होती. दहा मिनिटांत इंजिन तिच्या पायाला लागलं. माझ्या खुणेपासून चार मीटर. दिशा बरोबर होती.

दु. १.००
मेकॅनिकने उघडलं. आत सगळं जाम. म्हणाला, दोन-चार दिवसांत काढून गोड्या पाण्यात धुतलं असतं तर चाललं असतं. आता भंगार. रामदास सोमवारपासून मेव्हण्याच्या बोटीवर खलाशी म्हणून जाणार, हे बकुळाने फोनवर सांगितलं. मला नाही, सीमाला.

रामदास मला काहीच बोलला नाही. बोलला असता तर मी दोन मुद्दे तयार ठेवले होते.