काळ्या कोटाचा वारस

मी, प्रतिमा वामन पाठक, वय वर्षे छप्पन, पूर्वी महाविद्यालयात लिपिक आणि हल्ली 'उलटं अस्तर' या इंटरनेटवरच्या फॅशनच्या पानाची लेखिका, राहणार मेहकर, जिल्हा बुलढाणा, हे मृत्युपत्र स्वतःच्या हाताने, स्वतःच्या मर्जीने आणि चांगल्या उत्साहात लिहून ठेवते. प्रकृती ठणठणीत आहे. बुद्धीविषयी गावात दोन मतं आहेत. त्यातलं वाईट मत माझा थोरला भाऊ चिंतामण याचं असून त्याने ते चारचौघांत मोठ्याने मांडलेलं आहे. मला मरायची अजिबात घाई नाही. उद्या मोताळ्याचा बाजार आहे, तिथे जुन्या लोकरी कोटांचा ढीग आलाय असा निरोप आहे, आणि मला तर आत्तापासूनच बसस्टँडवर जाऊन उभं राहावंसं वाटतंय!

तरी आजच लिहायला बसले त्याचं कारण गार्गी. ही दादाची मुलगी, माझी भाची. पानावरचा प्रत्येक फोटो तिने काढलेला आहे आणि निम्म्या फोटोंत तीच उभी आहे. परवा शेगावची मंडळी तिला बघायला आली होती. मुलगी पसंत आहे म्हणाली, पण ते फोटो काढून टाका आणि मुलीला आत्याच्या नादी लागू देऊ नका. दादा लगेच हो म्हणाला. तेव्हापासून गार्गी माझ्या खोलीकडे फिरकलेली नाही. माझ्यामागे हे सगळं तिचं व्हावं एवढी एकच माझी इच्छा आहे. तिला समोर बसवून सांगता येत नाही, म्हणून कागदावर सांगते.

कलम १. वडिलार्जित घरातला माझा हिस्सा, म्हणजे रस्त्याकडच्या दोन खोल्या, दादाला द्याव्यात. त्यातला माणसाएवढा आरसा मात्र जागचा हलवू नये. वहिनी जाता-येता त्यात पदर नीट करते, हे दादाला ठाऊक नाही, मला आहे.

कलम २. बँकेत जे काही निघेल ते वहिनीचं. दादाचं नव्हे. तिने आजवर स्वतःच्या पसंतीचं एक पातळ घेतलेलं नाही. या पैशातून किराणा भरलेला मला चालणार नाही.

कलम ३. शिलाई मशीन आणि मोठी कात्री राजकुमार शिंप्याला. कोटाच्या बाह्या कापून त्या पँटला खिसे म्हणून लाव असं मी पहिल्यांदा सांगितलं तेव्हा तो म्हणाला, "मॅडम, लोकं मले हासतीन ना." मी म्हटलं, मलाही हसतात, आपण दोघं मिळून हसू. त्याने लावले, आणि काय सुंदर लावले!

कलम ४. आता मुख्य गोष्ट. अण्णांचा, म्हणजे वडिलांचा, काळा कोट.

अण्णा कोर्टात नोकरीला होते आणि तो कोट त्यांनी जन्मभर घातला. ते गेले तेव्हा तेरावा उरकताच दादाने त्यांचे सगळे कपडे बांधून भांडेवाल्या बनाबाईला दिले. जुने कपडे घेऊन भांडी देणारी ती बाई. बदल्यात एक स्टीलचा गंज, म्हणजे उभट पातेलं, आला. अण्णांच्या कोटाचा गंज! मला कळलं तेव्हा ती गल्ली ओलांडून गेलेली होती. मी चपला न घालता तिच्यामागे धावले. ती म्हणाली, "बाई, सौदा झाला. कोट पाह्यजे तं चांगले पातळं आन." मी माझी दोन कोरी पातळं तिच्या बोचक्यात टाकली आणि कोट घेऊन आले.

घरी येऊन बघते तर कोपरं विरलेली, कॉलर पांढरी पडलेली. पण आतलं तांबडं अस्तर! जन्मभर आत राहिलेलं, म्हणून नव्यासारखं लखलखीत. मी कोट उलटा केला, नऊवारीवर चढवला आणि आरशासमोर उभी राहिले. इतका आनंद मला नोकरी लागली तेव्हासुद्धा झाला नव्हता. गार्गी तेव्हा कॉलेजात शिकत होती. ती दारातून ओरडली, "आत्या, थांब बरं! हालू नको!" तो आमचा पहिला फोटो.

तेव्हापासून मी दुकानात कपडे घेतलेले नाहीत. बनाबाईचं बोचकं सुटलं की पहिला हात माझा. लग्नाच्या बँडवाल्याचं पितळी बटणांचं जाकीट, कुणाच्या मुंजीतलं उपरणं, लुगड्यातून शिवलेली ढगळ पँट, वर नथ, खाली बूट. कापसाच्या गंजीवर बसून आम्ही फोटो काढले तेव्हा गाडीवानांनी आपणहून गाडी बाजूला घेतली होती. लोक खाली लिहितात, "म्हातारीले काऊन येड लागलं बे?" मी उत्तर देते, तुमच्याकडे आजीचं जुनं लुगडं आहे का? भांडं देते.

तर हा कोट, कपड्यांची दोन्ही कपाटं आणि 'उलटं अस्तर' हे पान, सर्व काही माझ्या पश्चात गार्गीचं. अट एकच. डांबराच्या गोळ्या टाकून कुलूप लावायचं नाही. घालायचं, आणि घालून भर बाजारातून चालायचं. तिला नको असल्यास सगळं बनाबाईला द्यावं. ती निदान आनंदाने हाताळेल.

कलम ५. बाई गेली की माहेरची साडी आणायची पद्धत आहे. मी लग्न केलं नाही, माहेर कधी सोडलंच नाही, म्हणजे साडी आतल्या खोलीतून बाहेरच्या खोलीत आणावी लागेल. ती पांढरी नसावी. जांभळी चालेल. बूट काढू नयेत.

पुरवणी. वरचं लिहून देवेश वकिलांकडे निघणार, तोच गार्गी आली. "काय लिहून राहिली?" म्हणाली. मी कागद तिच्या हातात दिला. चौथं कलम तिने दोनदा वाचलं आणि एकदम भडकली.

"तू मेल्यावर? तवरोक मी काय घालू?"

मी म्हटलं, "अगं, शेगावची मंडळी..."

"त्यांले आत्ताच फोन केला मी. फोटो राहतीन म्हणून सांगतलं. विचार करून कळवतो म्हणाले. मी म्हटलं, मी बी विचार करूनच कळवते."

तिने खुंटीवरचा कोट काढला, उलटा केला आणि अंगात घातला. दादा आवाज ऐकून दारात आला होता. त्याने त्या तांबड्या अस्तराकडे पाहिलं. मी भांडणाची तयारी केली. तो म्हणाला, "बाह्या लांब होऊन राहिल्या तिले. राजकुमारले दाखवून घे." एवढं बोलून आत गेला. मला रडूच फुटलं, आणि रडता रडता मी हसत होते, हेही इथे नमूद करते.

आम्ही दोघी बाजारातून चालत वकिलांकडे आलो. लोक बघत होते. बघू देत! हे सगळं आजच गार्गीला देऊन टाकलं असं मी सांगितलं, तेव्हा देवेश वकील म्हणाले, जी वस्तू तुमची राहिली नाही ती मृत्युपत्राने देता येत नाही.

सबब कलम ४ मी पूर्ण शुद्धीत आणि फार खुशीत रद्द करते. सदर कोट, कपाटं आणि पान यांची मालकी आजपासून गार्गी चिंतामण पाठक हिची. उद्या मोताळ्याला आम्ही दोघी जाणार आहोत. मला कोट घ्यायचा आहे.

खाडाखोड माझीच आहे.

लिहून देणार: प्रतिमा वामन पाठक (सही)

साक्षीदार:
१. बनाबाई, भांडेवाली, मेहकर (सही)
२. धम्मशीला गवई, ग्रंथपाल, मेहकर (सही)

ठिकाण: मेहकर, जि. बुलढाणा
दिनांक: १८ नोव्हेंबर २०२४