आवाज तुझा होता

प्रिय दिग्विजय,

अनेक आशीर्वाद. फोनच्या जमान्यात आईचं पत्र हातात पडल्यावर तुझ्या युनिटमधली पोरं हसतील. हसू देत. तुझे वडील फौजेत होते तेव्हा मी त्यांना दर आठवड्याला पत्र लिहायची आणि ती सगळी पोचायची, मग बर्फ असो नाहीतर गोळीबार. हेही पोचेल. शांतपणे बसून वाच. मधेच घडी करून खिशात टाकलंस तरी चालेल, पण शेवटपर्यंत वाच.

आधी घरचं सांगते. आज्जीचा गुडघा आता पाऊस थांबल्यावर बरा आहे. नव्वदीला टेकली तरी मेंढरांच्या वाड्यात कुणी दुसरा शिरलेला तिला खपत नाही. यंदा मे महिन्यातच पावसानं झोडपलं. आपल्या दुष्काळी खटावात वैशाखात ओढे वाहताना मी जन्मात पाहिले नव्हते. ज्वारीला उशीर झालाय, पण ओल चांगली आहे. अंगणवाडीत यंदा नवी पोरं आलीत, त्यातलं एक रोज माझ्या पदराला बोटं पुसतं. तुझी ताई प्रांजल गणपतीला सांगलीहून येऊन गेली. तिच्या दवाखान्यात तिला रात्रपाळीतून सुटका मिळाली आहे.

आता त्या मे महिन्याबद्दल. तू तेव्हा तिकडं सीमेवर होतास, त्यामुळे इकडं काय चाललं होतं ते तुला फक्त पुढारी व्हायला निघालेल्या जयराजच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवरून कळलं. माझ्याकडून कधी कळलंच नाही.

त्याआधी, एप्रिलात, काश्मीरात धर्म विचारून माणसं मारली, ती बातमी आपल्या टीव्हीवर लागली तेव्हा शेजारची मेहरुनबी आपल्याच घरात होती. तुला ती ठाऊक आहे, तोंडाची तिखट. तिच्या कोंबड्या आपल्या परसात शिरतात यावरून आमचं आठवड्यातून एकदा तरी वाजतंच. त्या दिवशी तिनं स्वतःच उठून टीव्ही बंद केला. मग एवढंच म्हणाली, "माया, आता काय हुतंय बघ. तितं त्यांनी मारलं, हितं आमाला भोगाय लागंल." मी तिला म्हणाले, असं काही होत नसतं, हे आपलं गाव आहे. ती माझ्याकडं बघून नुसती हसली.

मग लढाई सुरू झाली आणि तुझा फोन बंद झाला. मला ती शांतता नवी नव्हती. तू वर्षाचाही नव्हतास तेव्हा तुझ्या वडिलांची पत्रं अशीच बंद झाली होती आणि नंतर तालुक्याहून जीप आली होती. त्यामुळे या खेपेला रस्त्यावर कुठलीही जीप वाजली की आज्जी आणि मी दोघी एकमेकींकडं न बघता हातातलं काम करत राहायचो. मेहरुनबीचा सद्दाम दिवसातून चारदा येऊन विचारायचा, "काकी, दिग्याचा काय मेसेज?" त्याचा जन्म आखाती लढाईच्या साली झाला. तेव्हा सगळीकडं ते नाव गाजत होतं म्हणून त्याच्या बापानं, चांदसाहेबांनी, हौसेनं ठेवलं. कुठल्या कुठं झालेल्या लढाईचं नाव ते पोर चौतीस वर्षं वाहतंय. भरतीला छाती भरली नाही म्हणून त्याला परत पाठवलं. मग तुझ्या भरतीच्या वेळी तोच पहाटे वडूज रस्त्यानं सायकलवर तुझ्या मागं ओरडत यायचा, "पळ रं गड्या, पळ!"

लढाई थांबल्याची बातमी आली, पण तुझा फोन आला नाही. त्यात जयराजनं ग्रामसभा बोलवायला लावली. यात्रा तोंडावर आली होती. विषय असा होता की या वर्षी बिरोबाच्या यात्रेत मुसलमानाचं एकही दुकान, बांगड्यांचंसुद्धा, लागू द्यायचं नाही, आणि दुसऱ्या दिवशी बकरी कापायचा मुलाण्याचा मान काढून घ्यायचा. कापायला बाहेरून दुसरी माणसं आणायची. ग्रामसेवक बिचारा घाम पुसत म्हणाला की असा ठराव सरकारी दप्तरात घेता येणार नाही. तर जयराज म्हणाला, "मग ही ग्रामसभा न्हाई, गावकीची बैठक समजा." देवळाच्या मंडपात सगळा गाव होता. बायकांत मी आणि आज्जी. चांदसाहेब शेवटच्या खांबापाशी टोपी हातात घेऊन उभे होते, जणू त्यांच्यावर खटलाच चालला होता.

जयराज लय भारी बोलला. सैन्य, शहीद, माती, रक्त. मग म्हणाला, "मी कशाला बोलू? आपल्या गावचा वाघ सीमेवरून काय म्हणतोय ते ऐका." आणि त्यानं मोबाइल माइकला लावला.

आवाज तुझा होता.

दिग्विजय, आईचं काय होतं हे तुला कधी कळणार नाही. इतके दिवस ज्या आवाजासाठी कान आसुसले होते तो आवाज देवळाच्या कर्ण्यातून माझ्या अंगावर आला. पहिल्यांदा मला शब्द ऐकूच आले नाहीत. मला एवढंच कळलं की तू जिवंत आहेस आणि तुला सर्दी झाली आहे. आज्जीनं माझा हात असा दाबला की बांगडी पिचली. आणि मग शब्द कानात शिरले. "आमी हितं गोळ्या खातोय आणि गावात तुमी त्यांना मांडीवर घेऊन बसलाय. नाथाजी माज्याशेजारी गेला. हाकला त्यांना." लोकांनी घोषणा दिल्या. माझा हुंदका कुणीतरी अभिमानाचा समजलं आणि मला पुढं केलं, कारण शहीद भाऊसोंची बायको म्हणून स्टेजवर उभी राहायची मला सवय आहे. दर सव्वीस जानेवारीला शाल, नारळ आणि एक फोटो. त्या शाली मी थंडीत कोकरांच्या अंगावर घालते, हे तुला माहीतच आहे.

पण त्या दिवशी माइक हातात आला आणि मी तो सोडला नाही. मी काय बोलले ते तुला तोडून-मोडून कळलं असेल, म्हणून जसंच्या तसं लिहिते. मी म्हणाले, "ह्यो आवाज माज्या पोराचा हाय. त्यो जिता हाय हे माज्या आधी जयराजला म्हाईत हुतं आणि त्यानं मला सांगितलं न्हाई. माईकवर लावायला ठेवलं." जयराज माइक घ्यायला पुढं सरकला. मी म्हणाले, "माजा नवरा मेला तवा गोळी कुणी घातली त्याचं नाव मला आजवर कुणी सांगितलं न्हाई. पर त्या दिवशी चांदसाहेब मुलाणी वडूजच्या बाजारात शेरडं इकत हुता, हे सगळ्या गावाला म्हाईत हाय. तितं धर्म इचारून माणसं मारली म्हणून आपुन रडलो. आन हितं धर्म इचारून बांगड्या भरायच्या व्हय?" जयराज गोड आवाजात म्हणाला, "काकी, तुमचा मान हाय, पर तुमी भावनेच्या भरात..." मी म्हणाले, "भरात न्हाई, शुद्धीत बोलतीया. तुज्या घरातलं कोण हाय रं फौजेत?" त्याच्या घरातलं कुणी नाही. सगळ्यांना ठाऊक होतं, पण कुणी तोंडावर विचारलं नव्हतं.

तरी हात वर झाले. बरेच झाले. मला वाटलं होतं माझ्या बोलण्यानं गाव फिरेल, तसं झालं नाही. काहींनी मात्र हात मांडीखाली दाबून ठेवले, तेही मी पाहिलं.

यात्रेचा पहिला दिवस पुरणपोळीचा, तो गुपचूप पार पडला. दुसऱ्या दिवशी सकाळी आज्जी काठी घेऊन उठली, वाड्यातलं नवसाचं बकरं सोडलं आणि मला म्हणाली, "चल." भर रस्त्यानं, जयराजच्या मंडपासमोरून आम्ही दोघी बकरं घेऊन चांदसाहेबांच्या दारात गेलो. ते बाहेरच येईनात. मेहरुनबी दार धरून म्हणाली, "माया, जा बाई घरी. तुज्यासंगट आमालाबी मारतील." त्यांच्या भीतीवर मला काय अधिकार? मी परत फिरणार होते. पण आज्जी उंबऱ्यावर बसली आणि आत ओरडली, "आरं चांद्या, द्येव माजा हाय. धनगराचा हाय. त्याच्या म्होरं कुणी सुरी धरायची ते माजी सासू सांगून गेलीया. ऊठ!" चांदसाहेब सुरी धुऊन बाहेर आले. बाहेर पोरं जमली, शिट्ट्या मारत होती, एकानं दगडही भिरकावला, तो पत्र्यावर वाजला. चांदसाहेबांनी आपलं काम केलं. दुपारपर्यंत मागच्या आळीतली दोन-चार घरं आली, मग वरच्या वस्तीवरची. सगळी नाही आली. पण देवाच्या नैवेद्यात त्या दिवशी खंड पडला नाही.

त्याची किंमत आम्ही मोजतोय. डेअरीवाल्यानं आपलं दूध घेणं बंद केलं, आता मी ते वडूजला पाठवते. माझ्याविरुद्ध अंगणवाडीच्या साहेबांकडं अर्ज गेला. त्यांनी चौकशी केली आणि सोडून दिलं. सद्दाम बायकोपोरांना घेऊन मिरजेला मामाकडं गेला. जाताना माझ्या पाया पडला आणि तुझ्याबद्दल एक शब्द वाईट बोलला नाही, ते मला जास्त लागलं. म्हातारा-म्हातारी इथंच आहेत.

मधल्या काळात मी एसटीनं कवठे महांकाळला तुझ्या युनिटातल्या त्या नाथाजीच्या आईकडं जाऊन आले. तिच्याशेजारी बसले. ती म्हणाली, "मला त्या लोकांचं तोंडबी बघायचं न्हाई." मी वाद घातला नाही. तिचा मुलगा गेलाय, तिला सगळा अधिकार आहे. तुझाही राग मला कळतो. शेजारी मित्र पडलेला पाहून कोण शहाणपणानं बोलेल? तुझ्या रागाला मी नावं ठेवत नाही. पण तो राग कुणाच्या दारात नेऊन ओतायचा, हे तू ठरवलं नाहीस. ते जयराजनं ठरवलं. त्याला निवडणुकीचं तिकीट हवं आहे. स्टँडवर त्यानं मोठा फ्लेक्स लावला होता, एका बाजूला तो हात जोडून, दुसऱ्या बाजूला तू वर्दीत. मी विळा घेऊन गेले आणि दिवसाढवळ्या तो मधोमध कापला. तुझी बाजू घरी आणली. वर्दीतल्या जवानाचा फोटो असा वापरायचा नसतो, हे तुला त्याच्यापेक्षा जास्त माहीत असायला हवं.

आणखी एक गोष्ट नीट समजून घे. लोक म्हणतात, मुलाण्यांनी मायाला अडचणीत सांभाळलं, म्हणून ती त्यांची बाजू घेते. तसं काही नाही. सांभाळलं असेल, भांडलेही तेवढेच. त्यांनी आपल्यावर एक उपकार केला नसता तरी मी उभी राहिले असते. या गावात राहायला त्यांनी आपल्यासाठी काहीतरी चांगलं केलेलं असावं लागतं का? आपल्याला कुणी विचारलं होतं, तुम्ही काय केलंत म्हणून इथं राहता? आपले पूर्वज तर मेंढरं घेऊन देशोदेशी फिरायचे, प्रत्येक गाव त्यांना वेशीवरूनच हाकलायचं. आज्जी ते विसरली नाही, मीही विसरणार नाही.

आता हे पत्र का लिहिते ते सांगते. मे महिन्यापासून तू माझा फोन उचलत नाहीस. प्रांजलच्या हाती तू निरोप धाडलास, की दिवाळीच्या सुट्टीला येईन, पण आईनं गावासमोर चुकले म्हणावं आणि त्या लोकांना आपल्या घराची पायरी चढू देऊ नये, तरच. असल्या निरोपाचं उत्तर पोरीच्या हाती द्यायचं नसतं, म्हणून स्वतःच्या हातानं लिहिते. मी चुकले म्हणणार नाही. एक नवरा फौजेला दिला, एक पोरगा दिला, पण माझी जीभ मी कुणाला दिलेली नाही, तुलाही नाही. तू ये. सुट्टी मिळेल त्या दिवशी ये, तुझ्यासाठी चकली करणार आहे आणि आज्जी तुझं घोंगडं उन्हात टाकून बसली आहे. मेहरुनबी रोजच्यासारखी चहाला येईल आणि पायरी चढून आत येईल. तू काय अट घातलीस हे मी तिला सांगितलेलं नाही, सांगणारही नाही. तिला उठवायचं असेल तर तू स्वतः, तिच्या समोर उभं राहून, तिच्या डोळ्यांत बघून उठव. मी मधे पडणार नाही. फक्त एवढं ध्यानात ठेव, ती उठली तर तिच्याबरोबर मीही उठेन.

तुझी वाट बघणारी, पण हटणार नाही अशी,
तुझीच
आई